पंचमीचा हॉल

चार वाजता मीटिंग होती आणि पावणेचारला नूपुरने आईला गाठलं.

"आई, अकरा फेब्रुवारीला कॉलेजचा हॉल कसा मिळणार तुला? त्या दिवशी तिकडे ठाकुर बसते ना!"

"कोण बसतं?" विनीताने लॅपटॉपवरून मान वर केली.

"सरस्वती. मूर्ती! सगळ्या स्कूल-कॉलेजमध्ये बसवतात, मोठ्या हॉलमध्येच. त्या दिवशी आम्ही बुकला हात पण नाही लावत."

सासूबाईंनी पुण्याहून पाठवलेलं नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर होतं. विनीताने फेब्रुवारीचं पान काढलं. अकराच्या चौकटीत, बारीक अक्षरांत, 'वसंत पंचमी'. तिची सरस्वती दसऱ्याची होती. पाटीवर एकाचे आकडे जोडून काढायची, फूल वाहायचं, की झालं. इथे गेल्या वर्षी पंचमीला ती शिकवायची त्या कॉलेजला सुट्टी होती, एवढंच तिला आठवत होतं. सुट्टी म्हणजे हॉल रिकामा, असा सरळ हिशोब करून हा दिवस तिनेच सुचवला होता.

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाची परिषद कलकत्त्याला मिळावी म्हणून दोन वर्षं तिने त्या लोकांचा पिच्छा पुरवला होता. एक्केचाळीस विद्वानांनी डमडम विमानतळापर्यंतची तिकिटं काढली होती. आज चारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कार्यक्रमावर शेवटची मोहोर उठायची होती, आणि लिस्बनवाले टपून बसले होते. इथे काही बिनसलं की परिषद त्यांच्याकडे.

तिने घाईघाईने कॉलेजच्या ऑफिसात दिलीपबाबूंना फोन लावला.

"उस दिन हॉल में तो माँ बैठेंगी, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "आपका फॉर्म देखके हम सोचे, आप पूजा का कमिटी में हैं. इसी लिए तो तुरंत साइन हो गया."

"दूसरा कोई हॉल?"

"सरस्वती पूजा का दिन? पूरा कोलकाता में?" दिलीपबाबू हसले. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, पण विनीताने फोन ठेवून दिला.

"सांग ना मंडळाला, हॉलचं छत गळतंय," तिचा नवरा हेमंत आतून चहा घेऊन येत म्हणाला. "फेब्रुवारीत कलकत्त्यात पाऊस नसतो हे त्यांना काय माहीत?"

"खोटं बोलून सॉक्रेटिसची परिषद भरवू?"

"मग एक दिवस पुढे ढकल."

"परिषद तीन दिवसांची, आणि तेराच्या रात्री सगळ्यांची परतीची विमानं आहेत, हेमंत!"

हेमंतने चहाचा कप लॅपटॉपशेजारी ठेवला. तिथे तिच्या उद्घाटनाच्या भाषणाची सहा पानं होती. दोन महिने आधीच लिहून तयार, आणि कुठे श्वास घ्यायचा त्याच्यासुद्धा पेन्सिलीने खुणा. एकदा भर सभागृहात तिची बोबडी वळली होती, तेव्हापासून कागदाशिवाय ती बोलायला उभी राहत नसे. घरातल्या वाढदिवसाला चार शब्द बोल म्हटलं तरी आधी चिठ्ठी लिहायची, म्हणून बापलेक तिची थट्टा करत.

आज चिठ्ठी लिहायलाही वेळ नव्हता. चार वाजले. पडद्यावर चार चौकटी उघडल्या.

"चूक माझी आहे," विनीताने एका दमात सांगून टाकलं. "मी सुट्टी पाहिली, सण पाहिला नाही." मग सरस्वती, मूर्ती, हॉल, सगळं.

लिस्बनचे गृहस्थ खुर्चीत पुढे सरकून बसले.

मंडळाच्या अध्यक्षबाई अथेन्सच्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे त्या दिवशी वाचायचं नाही? लिहायचंही नाही?"

"नाही. पुस्तकं देवीच्या पायांशी ठेवतात."

"मग विद्यार्थी करतात तरी काय?"

लॅपटॉपच्या मागून नूपुरने हाताने घास खाल्ल्याची खूण केली.

"खिचडी खातात," विनीता म्हणाली. "कॉलेजच्या अंगणात बसतात... आणि बोलत राहतात."

विनीताने डोळे मिटून घेतले. गेली, परिषद गेली.

मग अध्यक्षबाईंचं हसू ऐकू आलं.

"आणि सॉक्रेटिसने तरी जन्मभर दुसरं काय केलं? एक ओळ लिहिली नाही त्याने. ठरलं तर मग. पहिला दिवस तुमच्या अंगणात, खिचडी खाऊन. कुणीही कागद आणायचा नाही, वाचायचं नाही, नुसतं बोलायचं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "सुरुवात अर्थात विनीता करतील."

चौकटी एकेक करून मिटल्या. हेमंतने टाळ्या वाजवल्या. "जिंकलीस की गं!"

विनीताचा हात सहा पानांवर होता. तो तिथून निघेना. तिने घोटभर चहा घेतला. तो केव्हाच गार झाला होता. मग तिने कोरा कागद ओढला आणि वर लिहिलं, 'कागदाशिवाय बोलायचे मुद्दे'.

नूपुरने वाकून ते वाचलं. हसेल असं विनीताला वाटलं, पण ती हसली नाही.

"आई, आम्ही ना, ज्या सब्जेक्टची सगळ्यात जास्त भीती वाटते, त्याचंच बुक ठेवतो देवीसमोर. मी लास्ट इयर मॅथ्स ठेवलं होतं."

विनीताने सहाही पानं एकावर एक नीट जुळवली आणि छातीशी धरली.

"आणि देवीसमोर ठेवलेलं परत कधी मिळतं?" तिने विचारलं.