भिंत बुजवली

रावेतच्या सोसायटीत शेजारचा रविराज रोज सकाळी बायकोला मारायचा. भिंतीपलीकडून करिष्माचं रडणं आलं की दुर्गाबाईंची पोथी अडायची. भिडस्त बाई, एकदा जिन्यात त्याला एवढंच म्हणाल्या, "बाळा, आवाजानं पोथीत व्यत्यय येतो रे."

आठवड्यात त्यानं कारागीर आणले. भिंतीला सांगाडा ठोकून आत आवाज शोषणारं रॉकवूल भरलं, वर जिप्समचे दोन थर चढवले, सॉकेटच्या फटीसुद्धा बुजवल्या.

"या काकू, बघा!" त्यानं दुर्गाबाईंना आपल्या दारात बोलावलं. "आता आमच्या घरात काय चाललंय, तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

दारामागे करिष्मा मान खाली घालून उभी होती.

दुर्गाबाई कडाडल्या. "मेल्या, आवाज थांबव म्हणाले, तिथंच चुकले मी. हात थांबव म्हणायला हवं होतं!"

त्याला बाजूला सारून त्या आत शिरल्या. "करिष्मा, चपला घाल. पोलीस चौकीत जायचंय."