खालची पापणी
अपेक्षाच्या तपासणीत काहीच निघालं नाही, तरी डॉक्टर संयोगितांनी अभ्यासात लक्ष लागायची गोळी लिहायला पेन उघडलं. सांगलीतल्या तिच्या क्लासची मुलं परीक्षेपुरती तीच मागायची. कालच दोघांना त्यांनी न तपासताच लिहून दिली होती. अपेक्षाशेजारी तिचे वडील होते, जतकडचे मेंढपाळ बिराप्पा. “डाक्टरबाई, पोरीला झालंय काय?” त्यांनी विचारलं. “आजार नाही. गोळीनं जास्त वेळ वाचता येतं, एवढंच.” बिराप्पा उठले. मेंढराची बघतात तशी लेकीची खालची पापणी त्यांनी अंगठ्यानं अलगद ओढली. “आतनं तांबडी हाय, म्हंजी रगत चांगलं हाय. पांढरी दिसल्याबिगर आमी मेंढरालाबी औषिद पाजत न्हाई.” डॉक्टर त्या राठ अंगठ्याकडं बघतच राहिल्या. मग पेनाला टोपण लावून त्यांनी बाहेरच्या नर्सला हाक मारली. “काल गोळी दिलेल्या दोन्ही मुलांना फोन लावून आजच परत बोलाव. त्यांची पापणी बघायची राहिलीय माझ्याकडून.”