घरातला पुरुष

"घरात पुरुष किती?" कारकुनाने विचारलं.

"एक. माझे वडील," हेडविग म्हणाली. "चौऱ्याऐंशी वर्षांचे. अंथरुणाला खिळलेत. कूस बदलायलाही माणूस लागतं."

"म्हणजे आहे एक." कारकुनाने सॉसेजचे तेलकट हात रुमालाला पुसले.

१९३५च्या सप्टेंबरात न्युरेंबर्गला नवा कायदा झाला होता. ज्यूंच्या घरात पुरुष असेल, तर पंचेचाळिशीच्या आतली जर्मन मोलकरीण ठेवायची नाही. तिच्या अब्रूला धोका. जुन्या मोलकरणींना तेवढी सूट होती. पण वर्ष संपायच्या आत पस्तिशी पूर्ण हवी. हेडविगकडच्या वाल्बुर्गाची जानेवारीत होत होती. त्यामुळे तिची अब्रू अगदी थोडक्यात धोक्यात आली.

त्याच सुमारास दुसऱ्या एका कायद्याने हेडविग ग्रुनफेल्ट आणि तिच्या वडिलांचं नागरिकत्वही गेलं होतं. म्हणून कारकून वाल्बुर्गाला अहोजाहो करत होता आणि साठीच्या हेडविगला अगंतुगं.

हेडविगने विनवण्या केल्या. तिची पाठ कामातून गेलेली, वडिलांना उचलणं तिला जमायचं नाही. त्यांना तर हातात चमचाही धरता येत नाही. कारकून म्हणाला, कायद्यात चमच्याचा उल्लेख नाही.

हेडविगच्या मागे उभी असलेली वाल्बुर्गा पुढे आली.

"साहेब, नऊ वर्षं मी त्या म्हाताऱ्याचं ढुंगण पुसतेय," ती म्हणाली. "ह्यात माझी अब्रू नेमकी कुठे येते, तेवढं दाखवा."

कारकून लाजला. बायकांनी असं बोलू नये, असं त्याला मनापासून वाटलं. त्याने नकाराचा शिक्का मारला.

घरी हे ऐकून म्हातारा खोकला येईपर्यंत हसला. या वयात आपण लंपट ठरलो. तुझी आई असती तर अख्ख्या गल्लीला सांगत फिरली असती, म्हणाला. मग सहज विचारावं तसं त्याने विचारलं, मी घरात नसलो तर वाल्बुर्गाला ठेवता येईल ना? हेडविगने ऐकलंच नाही असं दाखवलं.

वर्ष संपलं. वाल्बुर्गा रडत गेली. पाठोपाठ शनिवार आला. शब्बाथला ज्यू घरात विस्तव पेटवत नाहीत. इतकी वर्षं त्या दिवशी शेगडी वाल्बुर्गाच पेटवायची. खिडकीच्या काचा आतून गोठल्या होत्या. हेडविग काड्यापेटी घेऊन उभी राहिली. आजाऱ्यासाठी पेटवलेलं चालतं, खुद्द आपले धर्मगुरू, रब्बी सांगतात, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"मी कुठे आजारी आहे? सरकारने मला धडधाकट पुरुष ठरवलंय," म्हातारा म्हणाला. "काड्यापेटी ठेव खाली."

साठीची झाली तरी ती मुलगीच होती. तिने ठेवली.

पुढच्या आठवड्यात तो न्यूमोनियाने गेला.

हेडविग मृत्यूची नोंद करायला गेली, तेव्हा कारकुनाला खरोखर बरं वाटलं. तो दुष्ट नव्हता. घरात फक्त बायका उरल्या म्हणजे अडचण मिटली, वाल्बुर्गाला खुशाल परत बोलाव, असं त्याने आपणहून सांगितलं.

सोमवारी वाल्बुर्गा आली. तिने एप्रन बांधला आणि रिकाम्या पलंगाशेजारी बसून राहिली. दिवसभर तिला काहीच काम नव्हतं, आणि ते संपूर्णपणे कायदेशीर होतं.