पोर्चमधला हळू चार्जर

"आणि गाडी साधारण किती वेळ थांबते इथे?" तिने विचारलं.

"अर्धा तास," मालकीणबाई म्हणाल्या. "चहा घ्यायचा, घड्याळ बघायचं, निघायचं."

मागे उभ्या असलेल्या मॅनेजरने घसा खाकरला. "बाई, आपले पाहुणे दोन-दोन रात्री राहतात."

"थांबणाऱ्यांचं कोण विचारतंय? मी न थांबणाऱ्यांचं सांगतेय."

तिने दोघांचीही उत्तरं लिहून घेतली. चार्जिंगचं सगळं गणित या एका प्रश्नावर उभं असतं. गाडी रात्रभर राहणार असेल तर हळू चार्जर, चटकन निघणार असेल तर वेगवान.

हॉटेल घाटमाथ्यावरचं, दगडी, घोडागाड्यांच्या काळातलं. विजेच्या गाड्या घेऊन येणारे लोक चार्जिंगची सोय नाही म्हणून खालूनच परत फिरत होते. तरीही चार्जर बसवून देणाऱ्या तिच्या ऑफिसचे दोन आराखडे बाईंनी फेटाळले होते, आणि दोन्ही सहकारी हात टेकून परत आले होते. बाळंतपणानंतर तिला मिळालेलं हे पहिलंच स्वतंत्र काम होतं. साहेबांनी निघताना बजावलं होतं, "हे जमलं तर पुढची सगळी हॉटेलं तुझी. नाहीतर परत टेबलावर. आणि काम झालं की लगेच नीघ, त्या बाई गप्पांत अडकवतात."

तिने बाईंना मागची पागा दाखवली. भिंती भक्कम, छप्पर उंच, आठ गाड्या आरामात मावतील. त्यांतल्या चार जागांवर वेगवान चार्जर. केबल मागच्या रस्त्याने आणायची, म्हणजे दर्शनी भागाच्या दगडाला धक्का नाही.

"झकास!" बाई म्हणाल्या. "पूर्वी इथे दमलेले घोडे यायचे, आता गाड्या. दाणापाणी द्यायचं, झोपवायचं. धंदा तोच."

तिचा जीव भांड्यात पडला.

"फक्त एक चार्जर पोर्चमध्ये हवा. माझ्या खिडकीखाली. आणि तो हळूच हवा."

भांडं पुन्हा कलंडलं. पोर्चला साधा खिळा ठोकायचा तरी वारसा समितीची परवानगी लागायची. पहिले दोन आराखडे इथेच अडकले होते.

"बाई, गाडी अर्धा तास थांबते म्हणता. तेवढ्यात हळू चार्जरवर गाडीचं तोंडसुद्धा ओलं होणार नाही."

"नकोच व्हायला."

"मग उपयोग काय?"

"ते माझं मी बघीन. तू वायर कुठून आणतेस ते बघ."

बाई आत गेल्यावर मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, बाईंना गाडी चालवताही येत नाही. तोरा आहे, दुसरं काय! दारात गाडी उभी असली की हॉटेल भरल्यासारखं दिसतं."

तिलाही ते पटलं. तिने घरी फोन लावला.

"जेवला, झोपला," सासूबाई म्हणाल्या. "आता तू सारखा फोन करून त्याला उठवू नकोस म्हणजे मिळवली."

बाई चहा घेऊन आल्या होत्या. "मुलगा? केवढा आहे?"

"रांगायला लागलाय. क्षणभर नजर हटली की पलंगाखाली."

"रांगतोय तोवर मजा करून घे. सापडतो तरी."

ती हसली. चहा पिता पिता तिचं लक्ष पोर्चच्या पायरीलगतच्या लोखंडी झाकणाकडे गेलं. पूर्वी तिथून तळघरात कोळसा ओतायचे, मॅनेजरने सांगितलं. तिने कप तसाच ठेवला आणि टॉर्च घेऊन तळघरात उतरली. वर आली तेव्हा केसांत जाळ्या होत्या आणि चेहरा उजळला होता. त्या भोकातून वायर सरळ वर येत होती. नवा खिळा नाही, नवं छिद्र नाही. चार्जरही जमिनीवरच उभा राहणारा घ्यायचा, भिंतीला टेकवायचाच नाही.

समितीने मान डोलावली. काम सुरू झालं आणि वेळेत संपलंही.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी साहेब स्वतः पाहणीला येणार होते. सगळं चालू दिसलं पाहिजे, असा त्यांचा निरोप होता. दुपारीच तिने पागेतले चारही चार्जर एकदम चालवून बघितले. कुठे कुरकुर नाही. या वेळी सासूबाई आणि बाळही सोबत होते. बाळाने बाईंच्या चष्म्याची एक काडी वाकडी केली होती, आणि बाई ती सरळ करायला तयार नव्हत्या. किती तरी महिन्यांनी तिला वाटलं, सगळं आपापल्या जागी आहे.

तेवढ्यात साहेबांची नवी विजेची गाडी वळणावरून वर आली. तिने ओढणी सारखी केली, बाळाला कडेवर घेतलं आणि पागेकडे बोट दाखवलं. पण गाडी पागेकडे वळलीच नाही, सरळ पोर्चमध्ये येऊन थांबली.

साहेब उतरले. बाई पायऱ्या उतरून पुढे झाल्या.

"वाळलास रे," त्या म्हणाल्या.

"आई, आल्या आल्या सुरू नको करूस. चहा टाक फक्त, लगेच निघायचंय. बॅटरी पार बसलीय, घाटाने खाल्ली." साहेबांनी समोरच्या चार्जरची वायर उचलली, पुन्हा ठेवली आणि तिच्याकडे वळले. "हा तर हळू आहे. यावर सकाळ होईल. पागेतले वेगवान सुरू आहेत ना? गाडी तिकडे लावतो."

बाई खिडकीखालच्या त्या चार्जरकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या.

तिने कडेवरच्या बाळाला जरा वर सरकवलं.

"नाही साहेब, ते अजून सुरू झाले नाहीत," ती म्हणाली. "माझंच काम राहिलंय."