तांबड्या काचेतला दिवा

मावशीने फुंकर मारली आणि वेदीपुढचा दिवा विझला. तांबड्या काचेतून धुराची बारीक रेघ वर गेली. तिने साखळी ओढून दिवा पुन्हा जागेवर चढवला, हात पुसले आणि खांबाआड जाऊन उभी राहिली. आता येऊ दे म्हणावं त्याला.

या चर्चमधला दिवा कधी विझत नसे. तो तेवतोय म्हणजे देव घरात आहे, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. येशूच्या मरणाच्या दिवशी, शुभ शुक्रवारी, तेवढा तो मुद्दाम विझवत, आणि त्या दिवशी आत पाऊल टाकायलाही नको वाटे. त्याची तेलवात मावशीकडे होती. केस पांढरे झाले, पण तिने त्यात कधी कसूर केली नव्हती.

ठेकेदार रोज संध्याकाळी यायचा. पहिल्याच बाकावर बसायचा, हात जोडायचा आणि बगळ्यासारखा निश्चल होऊन दिव्याकडे बघत राहायचा. लोक म्हणत, बघा, किती देवभोळा माणूस! ते ऐकून मावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिचा एकुलता एक मुलगा याच्याच इमारतीच्या परांचीवरून पडून गेला होता. कोर्टात याने बायबलवर हात ठेवून सांगितलं, कमरेचे पट्टे सगळ्यांना दिले होते, पोरानेच बांधला नाही. मेलेला काय बोलणार? सगळा दोष त्याच्या माथी मारून ठेकेदार हात झटकून मोकळा झाला.

फादर प्रवचनात सांगत, देव जळत्या झुडपातून बोलला, आगीचा खांब होऊन रात्रभर आपल्या लोकांपुढे चालला. मावशी मागच्या बाकावर बसून मनात धुसफुसायची. आपल्या लोकांपुढे ना? मग या मेल्यापुढे कशाला तेवतोय? माझं पोर मातीत घालून हा रोज देवाच्या उजेडात आरामात शेकत बसतो, आणि त्या उजेडाला तेल कोण घालतं, तर मी! कोर्टाने सोडलं तर सोडलं. देवाने याच्याकडे पाठ फिरवलेली तिला बघायची होती. एकदा तरी त्याचं तोंड पडलेलं बघायचं होतं.

ठेकेदार आला. बाकावर टेकला, हात जोडले, मान वर केली आणि तसाच थिजला. मावशी खांबामागून बाहेर आली.

"काय बघताय? देव गेला," ती म्हणाली. "तुम्ही यायच्या आत उठून गेला."

मग त्याचे खांदे सैल पडले. आता रडेल, असं तिला वाटलं. पण डोक्यावरचं पोतं उतरवल्यासारखा त्याने लांब श्वास सोडला.

"खरंच गेला?" त्याने विचारलं. "सुटलो मावशी! रोज टक लावून बघायचा माझ्याकडे. घरी डोळे मिटले तरी समोर हाच. पट्टे दिले नव्हतेस ना, मग कबूल कर, म्हणायचा. येऊ नये म्हटलं तरी पाय इथेच वळायचे." तो चक्क हसला. "आज झोप लागेल मला."

तो उठला आणि हलक्या पावलांनी दाराकडे निघाला.

मावशी दिव्याकडे वळली. कोर्टात तिच्या पोराच्या बाजूने एकही माणूस उभा राहिला नव्हता. इथे एकजण रोज उभा होता, आणि त्यालाच तिने आपल्या तोंडाने फुंकर मारून घालवलं होतं. तिने घाईघाईने साखळी सैल सोडली. दिवा खडखडत खाली आला. पहिली काडी मोडली, दुसरी पेटली. वातीने पेट घेतला, आणि तांबडा उजेड फरशीवरून सरकत दारापर्यंत गेला.

ठेकेदाराचा हात कडीवरच राहिला. हळूहळू त्याने मागे वळून पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे पळालं होतं.

"बस खाली," मावशी म्हणाली. "आलाय तो परत. आणि मी जिवंत आहे तोवर त्याला तेल कमी पडायचं नाही."