उभा राहिलास की पळालास?

बेन्सनच्या पत्राला येरेमिया म्वांझाने दोन वर्षांत उत्तर दिले नव्हते. हा थोरला भाऊ दूर कित्वेच्या तांब्याच्या खाणीत होता आणि पत्रात त्याचा एकच प्रश्न होता. "बाबा गेले त्या दिवशी मक्याच्या शेतात हत्ती अंगावर आला तेव्हा तू बाबांजवळ उभा राहिलास की पळालास? गावात लोक दोन्ही सांगतात. तू लिहिशील ते मी खरं मानीन."

आज पहाटेही म्वांझा पत्र उघडून बसला. त्या नादात नदीकाठच्या लाकडी चौथऱ्यावरच्या शेंगा झाडायच्या राहिल्या. वरच्या झाडाच्या या शेंगांसाठी हत्ती नदी ओलांडून येतात. म्हणून योगाचे पाहुणे यायच्या आधी जंगलातल्या या लॉजचा पहारेकरी म्वांझा रोज चौथरा झाडतो.

आता तिथे नऊ पाहुणे शवासनात पडले होते. योगशिक्षिका चिलेशे हळू आवाजात म्हणत होती, "डोळे मिटा. सगळं सोडून द्या. तुमच्यावर लक्ष ठेवायला माणूस आहे."

तो माणूस म्हणजे म्वांझा. झाडामागून आधी सुळे आले, मग सगळा हत्ती.

वारा कुठे वाहतो ते पाहायला म्वांझाने राखेची पुरचुंडी झटकली. राख हत्तीच्या दिशेने उडाली. म्हणजे माणसांचा वास त्याला लागणार. ओरडावे, तर नऊ जण उठून सैरावैरा पळतील आणि हत्ती बिथरेल. तो हत्तीच्या आणि चौथऱ्याच्या मधे जाऊन उभा राहिला.

हत्तीने कान पसरले. चार ढांगांत निम्मे अंतर तोडले. धूळ म्वांझाच्या तोंडावर आली. तो जागचा हलला नाही. चिलेशेने सगळे पाहिले, पण आवाज हलू दिला नाही. "अजून थोडा वेळ पडून राहा. श्वास सोडा."

हत्ती थांबला. किती वेळ, कोण जाणे. मग त्याने कडेच्या शेंगा सोंडेने गोळा केल्या आणि तो नदीकडे उतरला.

चिलेशेने सगळे सांगितल्यावर स्वयंपाकीण तिसाउकेने स्वयंपाकघरात मक्याच्या पिठाच्या न्शिमाचा सगळ्यात मोठा गोळा म्वांझाच्या ताटात वाढला आणि आदराने म्हणाली, "खा, बाम्बो! आमचे हे उंदीर दिसला तरी खाटेवर चढतात. तुम्ही त्या दिवशी शेतातसुद्धा असेच उभे राहिला असणार!"

सगळे हसले. म्वांझाने ताट बाजूला सरकवले. उत्तर लिहायला याहून चांगला दिवस मिळणार नव्हता. 'उभा राहिलो' असे लिहिले असते, तर साऱ्या लॉजने साक्ष दिली असती.

दुपारी पाहुण्यांना विमानतळावर सोडायला गाडी निघाली, तेव्हा तो पुढे बसला. मांडीवर कागद ठेवून त्याने दोन ओळी लिहिल्या. वाटेत म्फुवे गावच्या पोस्टापाशी उतरून पाकीट स्वतःच्या हाताने पेटीत टाकले.

"दादा, मी पळालो. बाबा मधे उभे राहिले, म्हणून मला पळता आलं."