बिनकांद्याचं सँडविच

त्या शनिवारी मी पहिल्यांदाच बाबांबरोबर तळ्यावर मासे पकडायला जाणार होते. निघताना त्यांनी मला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं. "माझं नाव सांग, सुटसुटीत काहीतरी देतील. एका हातात गळ धरून खाता आलं पाहिजे."

मी बाबांचं नाव सांगताच दुकानातल्या काकूंनी तयार पिशवीच पुढे केली. "त्यांचं शनिवारचं ठरलेलं आहे. दोन सँडविच, त्यातलं एक बिनकांद्याचं."

"दोन कशाला? एरवी ते तर एकटेच जातात."

"मला काय माहीत, बाई. वर्ष झालं, दोनच नेतात."

मी चक्रावलेच. बाबांना कांद्याशिवाय घास उतरत नाही. मग बिनकांद्याचं कुणासाठी? आई गेल्यावर या वयात हे काय नवीन? तळ्याकाठी मी गळाकडे कमी आणि फिरायला आलेल्या बायकांकडेच जास्त बघत होते.

शेवटी राहवेना. "बाबा, तुमच्याबरोबर इथे कोण येतं हो?"

"कोण येतंय!" त्यांनी बिनकांद्याच्या सँडविचचा कागद उलगडून ते माझ्या हातात ठेवलं. "दर शनिवारी सकाळी फोनवर तूच म्हणतेस ना, जमलं तर येते म्हणून? आणि कांदा तर तू वेचून ताटाबाहेर काढतेस."

कांदा मी गेली पंधरा वर्षं खातेय. पण ते न सांगता मी सँडविचचा एक घास घेतला. "आणि मी नाही आले की?"

"मग तुझा वाटा माशांना," बाबा पाण्याकडे बघत म्हणाले. "म्हणून तर एकही गळाला लागत नाही. पोट भरलेलं असतं लेकाच्यांचं."